फेकू नये

थॉर्स्टाड सरांच्या दफनानंतरच्या जेवणासाठी
चर्चच्या तळघरातला फ्रीज रिकामा करायला घेतला,
तर खालच्या कप्प्यात, प्रभुभोजनाच्या द्राक्षरसामागे
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी निघाली:
पेन्सिलीएवढ्या जाड अकरा काड्या,
एक रबर बँड, आणि त्यांच्या तिरक्या अक्षरात चिठ्ठी,
फेकू नये.

हॅम कापता कापता व्हर्ना म्हणाली, हे कसलं सरपण?

मी त्यांचा विद्यार्थी. छाटणीच्या परीक्षेत नापास झालेला.
"तू झाडाला घाबरतोस," म्हणाले होते, "म्हणून जास्त कापतोस."
मग मी याच गावात चाळीस वर्षं विमा विकला
आणि दर रविवारी त्यांच्या मागच्या बाकावर बसून
त्यांच्या मानेवरच्या सुरकुत्या वाचल्या.

उत्तर डाकोटात सफरचंद जगत नाही, असं जो तो सांगायचा.
उणे चाळीसला खोड तडकतं, बंदुकीचा बार व्हावा तसं.
ते आपले बिया पेरत राहिले.
एक बी, आठ वर्षं वाट, एक फळ, एक घास,
थुंकायचं,
आणि वहीत दोन शब्द. पिठूळ. काढावे.
तुरट. काढावे.
साल जाड. काढावे.
अकरा हजार रोपं अशी काढली, तीन ठेवली,
त्या तिघांतल्या एकालाही स्वतःचं नाव दिलं नाही.

घरातलं मात्र काही काढवत नसे त्यांना.
पोटची चार मुलं, मेहुणीची पोरकी दोन,
एक आंधळी मांजर,
आणि सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ, वीस मिनिटं पुढे धावणारं,
ज्याच्यामुळे सगळं कुटुंब
पाद्रीबुवांच्या आधी चर्चच्या दारात उभं.
शेवटी किल्लीच त्यांच्याकडे दिली. एकावन्न वर्षं राहिली.
पहाटे पाचला बॉयलर, मग पायऱ्यांवरचा बर्फ,
मग गीतांच्या आकड्यांची पाटी.
गळा बेसूर. मिसेस टॉफ्ट ऑर्गन जरा जोरात वाजवायच्या,
देव सांभाळून घ्यायचा.

देवाविषयी बोलताना मी त्यांना ऐकलं नाही.
एकदाच, कलमाची सुरी दगडावर घासता घासता:
"दोन जखमा नीट जुळवायच्या, बांधून ठेवायच्या.
पुढचं आपलं काम नाही."

जन्मभर झाडांचे डोळे भरणारा माणूस.
त्यांचे स्वतःचे भरलेले मी एकदाच पाहिले,
वृद्धाश्रमात, रगना सगळी नावं विसरून बसल्यावर,
मुलांची, त्यांचं, प्रार्थनेतलीसुद्धा.
त्यांनी सुरीच्या टोकावर एक फोड पुढे केली.
ती चावली. थांबली.
"सत्तेचाळीस-बारा," म्हणाली. "हे तू उपटलंस ना?"

उपटलं होतं. वहीत आहे, मी पान पाहिलंय.
फळ फार लहान. काढावे.
मग चर्चमागे, गॅसच्या टाकीआड
ते वाकडं झाड कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही.
त्याला बिल्ला नव्हता. संडे स्कूल सुटलं की
पोरं खिसे भरून न्यायची ती बुटकी सफरचंदं.
गेल्या ऑगस्टच्या वादळात ते मुळापासून पडलं,
आणि पंचाण्णव वर्षांचा हा माणूस
नोव्हेंबरात, काठी टेकत, आडव्या झाडाजवळ
बराच वेळ वाकलेला दिसला होता मला.
मला वाटलं, प्रार्थना.

आज फेब्रुवारी. जमीन इतकी गोठलेली
की खड्ड्यासाठी दोन दिवस शेगडी पेटत ठेवली.
कलमाला एप्रिल उजाडेल. माझे हात थरथरतात,
आणि विम्याशिवाय मला काही येत नाही.

व्हर्नाने कागद पुन्हा ओला केला, जुडी लोण्याशेजारी ठेवली,
वर फळांची टोपली सरकवणार होती.
"ती नको," मी म्हणालो, "सफरचंदं दुसरीकडे ठेव.
पिकल्या फळाच्या वाफेने डोळे मरतात."

त्या परीक्षेत माझं
हेच एक उत्तर बरोबर होतं.