चोवीस खाचा

मुलाने पुण्याहून यादी पाठवली:
चाळिशीनंतर काय काय करता येतं.
विमा. योगाचे वर्ग. घरबसल्या केक.
शेवटी त्याची स्वतःची एक ओळ,
आई, तू छान बोलतेस, लोकांना सल्ला दे.

तेवीस वर्षं सावद्याच्या टेलिफोन केंद्रात
मी लोकांचं बोलणं जोडून दिलं.
सल्ला कुणी मागितला नाही.
तक्रारवहीत पानोपान एकच शब्द: डेड.
शेवटच्या वर्षी तक्रारीही थांबल्या.
उरले बँक, पोलीस चौकी,
आणि डॉक्टर फिरके, जे रोज सकाळी
रिसीव्हर उचलून नुसता आवाज ऐकायचे
आणि ठेवून द्यायचे.

मग स्वेच्छानिवृत्ती.
स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी.

आता लतीफ पिंजारीच्या दुकानात
मी पोत्यावर बसते.
तो सव्वीसचा, मी अठ्ठेचाळीस.
मावशी म्हणतो. चुकलं तर काहीच म्हणत नाही,
दिवसभर भरलेलं वेटोळं उपसून
समोर ठेवतो.

मे महिन्यात केळी दोन दिवस थांबत नाही.
रात्रीची लाइट, तिचा दाब कमी,
सकाळी कुणीतरी फटफटीला मागे बांधून
मोटर आणतो. जळका वास
त्याच्या आधी दुकानात शिरतो.

छन्नीने जुनं तांबं काढायचं,
आटे मोजायचे, होते तेवढेच भरायचे.
एका वेटोळ्याला बेचाळीस.
मध्ये कुणी बोललं की पुन्हा एकपासून.
म्हणून दुकानात माझ्याशी कुणी बोलत नाही.
हे सुख यादीत नव्हतं.

तेवीस वर्षं नोकरी, चोवीस खाचा.
काही जुळतं का पाहिलं एकदा.
नाही जुळत.

सुलभा, माझी चुलत जाऊ, बाजारातून येताना थबकली.
"काय करू रायली वं तू हे? तुहे हात तं पाह्य!"
पाहिले. नखांत वार्निश,
अंगठ्याला दोन चिरा.
म्हटलं, तांबं तेच आहे बाई,
तेव्हा त्यातून माणसं बोलायची,
आता पाणी चढतं.
"अन पैसे?"
ते सांगितलं नाही.
अजून सांगण्याजोगे नाहीत.

काल पहिली मोटर एकटीने भरली.
चिनावलच्या भास्कर बोंडेंची, पाच हॉर्सपॉवर.
बटण दाबताना लतीफ
दोन पावलं मागे सरकला,
मला वाटलं तो बघत नाहीये असं भासवतोय.
मी कान जवळ नेला.
एकसारखा, न तुटणारा,
पलीकडे अजून कुणी नाही
पण लाइन चालू आहे, तसा आवाज.
डॉक्टर फिरके आठवले.

बोंडे दोरी सोडत विचारत होते,
"गॅरंटी किती?"
लतीफने उत्तर दिलं नाही.
माझ्याकडे पाहत राहिला.