छाटणी

विडी घरकुलात दुपारी तीनला वीज गेली.
पंखा सवयीनं आणखी काही फेरे फिरला.
अम्मा मांडीवर सूप घेऊन
पत्र्याच्या साच्याभोवती कात्री चालवत होती,
तेंदूपान ओल्या गोणपाटात मऊ पडलेलं.
समोर मी. वहीत एकच इलेक्ट्रॉन, दोन फटी
आणि सकाळचा तास डोक्यात भुणभुणणारा.

हत्तुरे सर म्हणाले होते, समीकरण कुठेच तुटत नाही.
इलेक्ट्रॉन दोन्ही फटींतून. ठीक.
मोजणारं यंत्र त्याला शिवलं की तेही दोन्हींत,
काटा इकडेही आणि तिकडेही,
काट्याकडे बघणारा डोळा, तोही.
मग ठिपका एकच उमटतो,
तो नेमका कुठल्या पायरीवर?
मागच्या बाकावरून मी विचारलं.
सरांनी खडूची बोटं झटकली:
आकडे जुळतात ना? पुढं चला.

अम्माला सांगितलं, अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत,
जिथं जो शब्द सापडला तो.
तिनं मान वर केली नाही.
म्हणाली, हजार विड्या घेऊन मी कारखान्यात रांगेला बसते.
घरी असतात तोवर त्या चांगल्या नसतात, वाईटही नसतात.
चेकर मूठ घालतो,
पंधरावीस खाली फेकतो,
तेव्हा त्या वाईट होतात.
आधी नाही.

मी हसले. मग हसू अर्ध्यातच राहिलं.
चेकरचा हात तरी कशाचा बनलाय?
त्यालाही तेच समीकरण लागू,
त्याच्या मुठीला, मुन्शीच्या चष्म्याला, रजिस्टरच्या शाईला.
छाटणाऱ्याला कोण छाटतं, अम्मा?

दोरा दे, ती म्हणाली.

कपाटावर सिव्हिलचं पिवळं पाकीट.
तिच्या छातीचा फोटो, तीन दिवस तसाच.
मी हात नेला की म्हणते, चूडकु,
बघू नकोस,
जणू बघितल्यानंच डाग पडेल.

तसं नसतं गं, मला म्हणायचं होतं.
पाकिटातलं पाकिटात ठरून गेलंय,
आपल्याला ठाऊक नाही एवढंच,
मुठीतल्या नाण्यासारखं साधं, शाळकरी अज्ञान.
इलेक्ट्रॉनचं निराळं.
त्याचं त्यालाच अजून ठरलेलं नसतं.
म्हणे.
कुणी म्हणतात दोन्ही ठरतं, जगच उसवत जातं:
एका घरकुलात पंखा, एकात अंधार,
दोन्हीकडे अम्मा,
एकीची छाती स्वच्छ.
मला ते पटत नाही.
न पटण्याचं कारण गणितात नाही.

वीज आली. अम्मा उठली,
तिनंच पाकीट काढलं,
काळी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली
आणि बराच वेळ बघितलं.
काहीच ठरलं नाही.
बरगड्यांकडे बोट करून म्हणाली,
तुझ्या बापाच्या मागावर ताणा असाच दिसायचा,
मधेमधे तुटलेला.

सोबतचा कागद इंग्रजीत होता.
तो चार घड्यांचा तिनं माझ्या हातात दिला.
खाली टाकीवर पाणी आल्याची ओरड चालू होती.
वाच, म्हणाली,
आणि पुन्हा सुपाशी बसून मोजू लागली.
नऊशे ब्याण्णव.

मी कागद मांडीखाली सरकवला,
आठ पानं उचलली.