सफरचंद कापताना

बोहरी आळीत, बिजागऱ्यांच्या दोन दुकानांमध्ये
एक फळी टाकून बसतो मी, अकरा ते सात.
घडीचे चाकू. विकतो थोडे, दुरुस्त जास्त.
फळी मुस्तन्सिरभाईंची, कानस माझी.

तुटका चाकू घेऊन आलेला माणूस
पहिलं वाक्य ठरलेलंच बोलतो :
काही नाही हो, नुसतं सफरचंद कापत होतो.

बरं, म्हणतो मी,
आणि भिंग डोळ्याला लावतो.

सफरचंदानं टोक पिळवटत नाही.
टोकाला पिवळं काहीतरी लागलेलं असतं, पितळ,
म्हणजे स्क्रू, बहुतेक मीटरच्या खोक्याचा.
सफरचंदानं पात्याच्या पाठीवर खड्डे पडत नाहीत.
धायरीचा एक पोरगा राजगडावर
ओल्या लाकडात चाकू ठेवून वरून दगडानं ठोकत होता.
तिसऱ्या ठोक्याला खीळ वाकली,
चौथ्याला मूठ एकीकडे, पातं गवतात.
तासभर शोधलं म्हणाला, सफरचंद विसरून.

हिंजवडीच्या एक बाई येतात, दर दिवाळीच्या आधी.
रंगाचे डबे उघडतात चाकूनं.
चमच्यानं उघडा ना, ताई.
चमचा वाकतो, म्हणाल्या.
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मार्केट यार्डातले लडकत खोटं बोलत नाहीत.
दिवसाला तीनशे पोत्यांची सुतळी कापतात.
त्यांचं पातं तुटत नाही, संपतं,
घासून घासून कोथिंबिरीच्या काडीएवढं होतं.
ते मला दाखवतात आणि म्हणतात, झालं याचं.
नवा घेतात, तोच, काळ्या मुठीचा,
घासाघीस न करता.

आणि नाना पेठेतले अन्वरचाचा, रिक्षाचे हूड शिवणारे.
त्यांचा चाकू उघडेचना.
खीळ काढली तर आतून निघाला काथ्या,
वाळलेलं सोल्यूशन, रेक्झिनचा चुरा,
असा थरावर थर, की कागदावर ढीग झाला.
हे एवढं आत होतं? म्हणाले,
आणि चिमटीत घेऊन बघत राहिले,
सत्तावीस वर्षांचं काम, चहाच्या बशीत मावेल एवढं.

लोकांना वाटतं चाकू पात्यात मोडतो.
मोडतो खटक्यात.
उलट्या अंगानं जोर दिला की खटका सुटतो,
आणि पातं मिटतं ते धरणाऱ्याच्याच बोटांवर.
घडी असलेली वस्तू घडीतच जाते, असं भाई म्हणतात.
मला वाटतं, हल्ली स्टीलच हलकं येतं.

माझाही एक आहे, शिंगाच्या मुठीचा.
तो तुटला त्या वर्षी आम्ही भवानी पेठेत राहायचो.
धाकट्यानं आतून कडी घातली होती
आणि हाका मारून तो ओ देत नव्हता.
दार सागवानी, फट बोटही न जाईल अशी.
मी चाकू घातला आणि कडी वर रेटली.
जे करू नका म्हणून सगळ्यांना सांगतो ते सगळं केलं,
आडवा जोर दिला, पिळलं, वर खांदाही घातला.
कडी निघाली. अर्धा इंच टोक दारातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी चाकू भाईंच्या समोर ठेवला.
कसा तुटला?
सफरचंद कापत होतो, म्हणालो.

त्यांनी भिंग लावलं.
तुटल्या कडेला दाराचा निळा ऑइलपेंट होता,
मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.
त्यांनी काही विचारलं नाही.
चाक फिरवलं, ठिणग्या उडाल्या,
नवं टोक काढलं, थोडं बोथट,
चिंधीनं पुसून माझ्या हातात दिलं.
पंधरा रुपये, म्हणाले. आणि घेतले.

धाकटा आता सासवडला असतो. टायरचं दुकान आहे.
फोनवर फार बोलत नाही, पण उचलतो.
चाकू अर्धा इंच आखूड आहे.
शर्टाच्या खिशात उलट नीट बसतो.
काल डब्यात बायकोनं खरंच सफरचंद दिलं होतं,
कापलं. थोडी साल राहिली.