वॉशर

मोरीतला नळ सोमवारपासून गळत होता.
घड्याळ घेऊन मोजलं एका रात्री:
मिनिटाला ब्याण्णव.
बारा वाजून गेले की थेंबाला आवाज फुटतो,
भिंतीपलीकडे कुणी ढ पोराकडून
एकच शब्द घोकून घेत असल्यासारखा.

खाली बादली ठेवली. सकाळी भरलेली.
जास्वंदीला ओतली, तिला नको होती.
पुन्हा ठेवली.

दस्तगीरला सात फोन.
"येतो की बाई." "आलोच बाई."
मग नुसतीच रिंग.
विश्रामबागेतल्या निम्म्या नळांची नस त्याला ठाऊक,
म्हणून हा माज,
असं मी भाजीवालीलाही सांगून ठेवलं.
सदतीस वर्षं घंटेवर वर्गात गेलेली बाई मी.
त्याला काय बोलायचं ते तयार होतं,
विरामचिन्हांसकट.

शुक्रवारी दिवेलागणीला आला.
चपला दाराबाहेर, पिशवी खांद्यावर,
पाना काढायच्या आधीच म्हणाला,
"मंगळवार-शुक्रवार मिरजेत असतोय बाई.
थोरलीला मशीनला लावत्यात. चार तास.
गुरुवारी येणार होतो, तर तिला दम लागला."

थोरली म्हणजे शाहीन.
लहानपणी त्याच्याबरोबर यायची,
पिशवीतले नट मापाप्रमाणे लावत बसायची
माझ्या पायरीवर.

"पाणी मोजून, बाई. दिवसाला अर्धा लिटर.
बाटलीवर पेनानं रेघा मारल्यात तिनं,
ही सकाळची, ही दुपारची.
वरणसुद्धा त्यातच धरायचं.
आम्ही आता तिच्यासमोर पीत नाही.
मोरीत जाऊन पितो, चोरासारखं."

माझं पहिलं वाक्य जिभेवर आलं होतं.
गिळलं. कोरडंच उतरलं.
आमच्या दोघांच्या मध्ये
काठोकाठ भरलेली बादली.
ती सरकवावी म्हटलं तर आणखी सांडली असती.

त्यानं कॉक बंद केला, नळ उघडला,
तळहातावर काढून दाखवलं:
काळं, नाण्याएवढं, एका कडेला कुरतडलेलं.
"एवढंसंच असतंय."

चहा टाकला. कपात ओतताना हात अडला,
मग पूर्ण भरला.
तो फुंकर मारत म्हणाला,
"आमचं बरं हाय तसं. मिरज काय, हाकेवर.
शेजारच्या खाटेवरचं पोरगं माडग्याळचं.
पहाटे चारला निघतंय, जतला गाडी बदलून.
जाताना वाटेत उलट्या.
त्याचं बघितलं की आपलं कमी वाटतंय."

कमी वाटतंय.
मीही तेच करत होते की आतल्या आत,
त्याची पोरगी एका पारड्यात ठेवून
माझ्या चार रात्री किती हलक्या होतात ते बघत.
बरंही वाटायला लागलं होतं थोडं.

तर तो म्हणाला, "घरात तुमचंपण काढतो आम्ही."
"माझं?"
"हां. बायको म्हणती, आपल्यात चार माणसं हायेत रडायला.
बाईंचं बघा.
एवढं घर, आन् नळ गळतोय म्हणून
सांगायला कोण न्हाई."

मी हसले.
सुरू केलेलं हसू कुठं संपवायचं ते कळेना.
दाराच्या पाटीवर ह्यांचं नाव अजून आहे, तिकडं बघत बसले.

म्हणजे मी त्यांच्या घरी,
शाहीनच्या उशाशी,
तिसऱ्या रेघेच्या पाण्याबरोबर घोटभर दिली जाते.
आणि माडग्याळचं ते पोरगं
पहाटेच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून
कुणाची आठवण काढत असेल?
काढत असेल कुणाची तरी.
किंवा नुसतीच मळमळ.

ऐंशी रुपये झाले. शंभर घे म्हटलं,
त्यानं वीस परत दिले, मोजून.

रात्री नळ गप्प.
दीड वाजेपर्यंत जागी होते मी
त्या गप्पपणाला कान लावून.

ह्यानं काही माझा स्वभाव बदलला नाही.
रविवारी गॅसवाला आला नाही
तर दुपारपर्यंत वाक्यं तयार, विरामचिन्हांसकट.

आज फ्लशची टाकी झिरपतीय.
फोन उचलला, नाव काढलं.
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. मंगळवार.
ठेवला.
उद्या सांगीन.