अठ्ठ्याण्णव टक्के

केमीच्या लाकूडकारखान्यासाठी
करवतीचा कोर्स मीच बांधला होता,
हेलसिंकीत, सातव्या मजल्यावर बसून.
चाळीस पडदे, तीन चित्रफिती, शेवटी दहा प्रश्न.
प्रत्येक पडद्याखाली ‘पुढे’ लिहिलेलं निळं बटण.
माणसं पुढे गेली.
रात्रपाळी सुटताना, कॉफीचा कप भरेपर्यंत,
एका हाताने मोजे वाळत घालत,
पुढे, पुढे, पुढे.

नोव्हेंबरच्या अहवालात मी लिहिलं:
अठ्ठ्याण्णव टक्के पूर्ण.
केमीत दुपारी दोनलाच अंधार,
माझा आलेख हिरवागार.

इलारी, वय एकोणीस, दहापैकी दहा.
नववा प्रश्न: पट्ट्यात काही अडकल्यास सर्वप्रथम काय कराल?
लाल बटण दाबेन.
दोन सेकंदांत दिलेलं उत्तर.
वेळेची नोंद आहे माझ्याकडे.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी
पट्ट्याने त्याच्या हातमोज्याचं टोक धरलं.
तो लाल बटणाकडे वळला.
बटणाआड फळ्यांची थप्पी, छातीइतकी उंच,
उद्या जायची म्हणून ठेवलेली,
ट्रक आला नाही म्हणून राहिलेली,
मग राहतेच म्हणून राहिलेली.

पट्टा थांबवला ताउनोने.
थप्पी आणि भिंतीमधल्या फटीत आडवा शिरून, कोपराने.
मोजा गेला, बाही गेली.
हात शाबूत.

ताउनो उरलेल्या दोन टक्क्यांतला.
माझ्या यादीत त्याचं नाव लाल, समोर ‘अपूर्ण’.
चार स्मरणपत्रं धाडली होती मी त्याला,
चौथं जरा कडक.

रात्रीच्या गाडीने वर गेले.
त्याने बाकावर सरकून जागा दिली.
कोर्स का नाही केलास, मी विचारलं.
‘उघडला होता,’ म्हणाला.
‘पहिल्याच चित्रात बटणापर्यंत मोकळी वाट होती.
मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याचा आहे.’

कळतं पण वळत नाही,
असं आपण माणसांना किती सहज म्हणतो.
इलारीला कळत होतं.
तो वळलाही होता.
वळून जायला जागा नव्हती.

संचालकांना नवा कोर्स हवा होता.
फेब्रुवारीपर्यंत, हलत्या चित्रांसह,
दर सहा महिन्यांनी सक्तीचा. पैसे मंजूरच होते.
आणि शिक्षणप्रमुखानेच कोर्स नको म्हणायचं
म्हणजे भट्टीने पाव भाजायला नकार द्यायचा.
तरी म्हटलं: नको.
पिवळ्या रंगाचा एक डबा द्या,
आणि ट्रक वेळेवर.
कुणीतरी पेन खाली ठेवलं.
कुणीतरी विचारलं, मग यश मोजायचं कशात?
पावलांत, मी म्हटलं.
यंत्रापासून बटणापर्यंत चार.
त्या दिवशी अकरा होती. मी चालून पाहिलंय.

जमीन इतकी गार की रंग धरेना.
इलारी गरम हवेचं नळकांडं धरून उभा,
मी गुडघ्यांवर, कोटाला पिवळे डाग.
रेघ वाकडी आली.
‘असू दे,’ ताउनो म्हणाला,
‘घाईत कोण सरळ चालतंय?’

मग इलारीने लोकरीची टोपी डोळ्यांवर ओढली.
मी म्हटलं, आता.
पहिल्यांदा हात भिंतीवर आपटला, बटणापासून वीतभर लांब.
दुसऱ्यांदा ताउनोच्या पोटावर.
तिसऱ्यांदा बटणावर.
सतरा वेळा केलं त्याने,
मग त्याला भूक लागली.

हे लिहायला प्रणालीत रकाना नाही.
जानेवारीच्या अहवालातही केमी अठ्ठ्याण्णव.
ताउनोचं नाव अजून लाल आहे.
सोमवारी सकाळी आठ वाजता
पाचवं स्मरणपत्र आपोआप जाणार होतं.
ते तेवढं मी थांबवलं.