कॉफीच्या डब्यातला हिशेब

चर्चच्या तळघरात स्पॅगेटीचं जेवण,
ताटाला आठ डॉलर, लहान मुलांना चार.
रोएलच्या यकृतासाठी.
बाहेर उणे एकोणीस. काहींनी गाड्या चालूच ठेवल्यात,
नाहीतर परतताना इंजिन दाद देत नाही.

मी दाराशी. पुढ्यात कॉफीचा रिकामा डबा, झाकणाला चीर.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
तेव्हापासून मॉन्टानातल्या ह्या गावाची चिल्लर माझ्याकडेच.

सिनेटरच्या ऑफिसातून एक पोरगा आला होता, ग्रेडी.
पातळ बूट, ओले मोजे.
म्हणाला, विधेयक वाचलं. फक्त
सरकारी विम्याचं कलम काढावं लागलं,
त्याशिवाय मतं जुळत नव्हती.
"दगडापेक्षा वीट मऊ," म्हणाला,
आणि टायवरचा सॉसचा डाग पुसत राहिला.

"कुणाच्या डोक्यात पडते त्यावर आहे ते,"
ऑर्डिस म्हणाली. रोएलची बायको.
बोलता बोलता पाव वाढतच होती.

मग सुरू झालं.
लॉइड श्नेल म्हणाला, अर्धं का होईना, छप्पर आहे,
अर्धं घर तरी कोरडं राहील.
थेल्मा म्हणाली, ह्याच माळावर राहतोस ना तू?
अर्ध्या छपराखाली वारा शिरला
की उरलेलं अर्धं शेजारच्या परगण्यात सापडतं.
मागून कुणीतरी: सरकारला पोस्टाची खिडकी
वेळेवर उघडता येत नाही,
माझं काळीज काय उघडणार!
हशा झाला. मीही हसलो.
खरं सांगायचं तर ऑगस्टमध्ये, शाळेच्या जिममध्ये,
सरकारी विमा नको म्हणणाऱ्यांत
माझाही हात वर होता.
चांगला वर.

तेवढ्यात एमेट उठला.
एमेट कधी बोलत नाही.
लढाईवरून आल्यापासून दर तीन महिन्यांनी
सव्वादोनशे मैल गाडी हाकत
माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळात जातो,
त्याबद्दलही बोलत नाही.
टोपी काढली. आता काहीतरी मोठं बोलणार, वाटलं सगळ्यांना.
"तिथल्या नर्सला माझ्या कुत्र्याचं नाव माहीत आहे,"
एवढंच म्हणाला, आणि बसला.
काटेचमच्यांचे आवाज थोडा वेळ थांबले होते.

ग्रेडी निघताना डब्यापाशी थबकला.
वीसची नोट. मग पाकीट परत उघडून आणखी एक वीस.
मी विचारलं, तुझा विमा कोण भरतं रे, पोरा?
कान लाल झाले त्याचे.
अजून तर दार उघडलंही नव्हतं.

टेबलं मिटल्यावर मोजलं:
तीन हजार आठशे सहा डॉलर, पंचेचाळीस सेंट,
कॅनडाचं एक नाणं.
इस्पितळाचं बिल एक लाख चाळीस हजार.
तो भागाकार मी केला नाही.

जिममध्ये हात वर केलेल्यांच्या नोटाही होत्या त्यात.
घड्यांवरून कळतात मला,
लॉइड चार घड्या घालतो, थेल्माच्या भावाच्या नोटेला
डिझेलचा वास.
आजवर ह्या डब्याला कुणी सरकार म्हणालेलं नाही.
आणि मीही म्हणत नाही.
फक्त, पुढच्या शनिवारी डबा जॉर्गेन्सनांच्या मुलीसाठी आहे,
त्यानंतरच्या शनिवारी कुणासाठी, अजून ठरायचंय.

तळाशी एक चिठ्ठी निघाली, शिसपेन्सिलीनं लिहिलेली:
'रोख नाही. दोन खेपा पाइनची लाकडं, फोडून, घरपोच.'
सही नाही.
माझ्या वहीत रकाने दोनच, जमा आणि खर्च.
लाकडं कुठे लिहू?

ऑर्डिस पातेलं खरवडत होती. चिठ्ठी पुढे धरली.
तिनं हात पुसले, अक्षर ओळखलं,
नाव सांगितलं नाही.
"आधी बघून ये," म्हणाली,
"त्याच्या स्वतःच्या घरी आहेत का
हिवाळा निघेल एवढी."