उजवीकडे की डावीकडे

खोक्यातून अठरा खंड आले, वर चिठ्ठी चिकटवलेली:
केस हुबेहूब हवेत. अ‍ॅडव्हान्स सोबत.

मी नंदलालपुऱ्यात टोप करते, सासऱ्यांच्या हाताखाली शिकले.
नारदाची शेंडी, पेशवाई घेरे,
हौशी मंडळींच्या तिसऱ्या अंकात एकाएकी पिकलेल्या नायिका,
सगळ्यांची डोकी माझ्या फळीवरून गेलीत.
पण हे डोकं कुणाचंच नव्हतं.
तोमेजी. वय चौदा. राहणार कागदी कंदिलांची गल्ली.
शाईचा.

मुक्ताली म्हणाली, आज्जी, उलटं धर, हे मागून वाचतात.
मला नवल नाही वाटलं.
टोपही मानेपासून विणायला घेतात,
कपाळ शेवटी.

सात टोकं होती केसांना. मोजली.
सगळ्यात लांब टोक डाव्या कानावर.
साठाव्या पानावर ते उजव्या कानावर गेलं.
मी चष्मा पुसला.
मग रात्रभर पाहत बसले:
पोरगं मान वळवायचं, केस वळायचे नाहीत,
लांब टोक जागा बदलून पुन्हा आपल्या बाजूला,
डोळे झाकले जाऊ नयेत म्हणून.
काढणाऱ्याला ठाऊक असणार. चूक अठरा खंड टिकत नाही.

पलाश दुबेला फोन केला. डायरेक्टर. आवाज पोरसवदा.
उजवीकडे की डावीकडे, ते सांगा.
तो थांबला. मावशी, दोनों तरफ.
मी म्हटलं, बाबा, डोकं एकच आहे.

आणि रंग?
आत सगळं काळं-पांढरं. मुखपृष्ठावर एकदा निळे, एकदा गंजासारखे.
कोरी सोडलेली जागा म्हणजे पांढरे केस नव्हेत,
एवढं मला कळलं. पुढचं कुणालाच कळत नव्हतं.

मे महिन्यात, बंद मिलच्या आवारात,
कंदिलांची गल्ली उभी राहिली.
पाट्या खजुरी बाजारातल्या पेंटरनं रंगवलेल्या.
काय लिहिलंय हो हे? विचारलं,
तर म्हणाला, सहा नग अक्षरं.
पुस्तकात वारा म्हणजे चार तिरप्या रेघा.
इथे दोन पेडस्टल पंखे, आणि पंख्यांना धरून बसलेली दोन माणसं.

शौनक नावाचा मुलगा, सुदामानगरचा, नववी पास.
टोपाखाली त्याचं डोकं उकडायचं,
तारेवरचा डिंक मऊ व्हायचा,
मी दर दहा मिनिटांनी टोकं उभी करायची.

त्या दिवशी आई जाते तो प्रसंग होता.
सातव्या खंडात नऊ पानं, एक शब्द नाही.
एका चौकटीत ती उंबऱ्यावर आहे,
पुढच्या चौकटीत नुसता उंबरा.
मधे बोटाच्या पेराहूनही अरुंद कोरी पट्टी.
घरी वाचताना मी तिथेच पुस्तक मिटलं होतं
आणि उगाच दूध तापवायला उठले होते.

शौनकनं विचारलं, या दोघांच्या मधे मी काय करू?
पलाशनं पान पाहिलं, पोराकडे पाहिलं.
चाल, म्हणाला.

तो चालला. पंखे घरघरत होते.
नवव्या पावलाला तिसरं टोक सुटलं
आणि सरळ डोळ्यावर आलं.
मी पिन घेऊन धावले. पलाशनं हात आडवा धरला.
पोरानं मनगटानं केस मागे सारले,
घाम आलेलं कुठलंही पोर सारतं तसे,
आणि मनगट तिथेच राहिलं, कपाळावर,
जरा जास्तच वेळ.

पुस्तकवाले चिडतील. मुक्ताली तर आत्ताच चिडलीय:
तोमेजीचे केस कध्धीच पडत नाहीत, आज्जी!
खरंय तिचं.
मी डिंक धुऊन टोप लाकडी डोक्यावर चढवून ठेवलाय,
लांब टोक डावीकडे. उठता-बसता वाटतं,
जरा उजवीकडे हवं होतं.

खोकं परत मागितलंय त्यांनी.
सतरा खंड बांधून ठेवलेत.
सातवा हरवला, असं सांगणार आहे.